कळफलकावरचा ळ

मंडळी, एक छोटी गंमत करून बघा. मोबाइल हातात घ्या आणि 'वेळ' हा शब्द इंग्रजी अक्षरांत लिहा. व्ही, ई, एल. आता 'वेल' लिहा. पुन्हा व्ही, ई, एल. 'काल', 'काळ', 'कळ' आणि 'कल' हे चार वेगळे शब्द, पण घाईत इंग्रजी अक्षरांत लिहिले की चारही के, ए, एल. 'बाळ' आणि 'बाल' एक, 'मळा', 'माळा', 'माला' आणि 'मला' एक. ज्याच्या कानात मराठी पक्कं बसलेलं आहे तो संदर्भावरून ओळखतो. पण ज्या मुलांचं मराठी जेवणाच्या टेबलापुरतं उरलं आहे, त्यांच्यासाठी हे शब्द लिहिण्यात एक झाले की हळूहळू बोलण्यातही एक होऊ लागतात.

मी बडोद्याचा. इथेच वाढलो, इथेच बीई झालो आणि आता सॉफ्टवेअरच्या नोकरीत दिवसाचे आठ-दहा तास कीबोर्डसमोर असतो. घरात मराठी, शाळेत इंग्रजी, गल्लीत क्रिकेट खेळताना गुजराती आणि टीव्हीसमोर हिंदी, अशी आमची पिढी. आमचं मराठीही खास बडोद्याचं. 'मला हे फावत नाही' असं मी म्हटलं की पुण्याची मावसभावंडं हसतात. त्यांना फक्त 'फावला वेळ' माहीत असतो, आमच्याकडे गुजरातीच्या शेजारामुळे माणसांना चहासुद्धा फावतो.

गायकवाडांच्या राज्यात नोकरी-चाकरीसाठी आलेली मराठी घरं दांडिया बाजार, रावपुरा या भागांत रुजली. सयाजीराव महाराजांनी (कारकीर्द १८७५ ते १९३९) १९०६ मध्ये राज्यभर सक्तीचं प्राथमिक शिक्षण आणलं. सयाजी साहित्यमालेतून त्यांनी मराठी आणि गुजराती अशा दोन्ही भाषांत पुस्तकं काढली. दोन भाषा आणि दोन लिप्या शेजारी शेजारी ठेवून काम करायचं, हे बडोद्याला शंभर वर्षांपूर्वीच जमलेलं होतं. आज बोलण्याच्या बाबतीत आपण ते टिकवलं आहे. लिहिण्याचं काय? कुठल्याही मराठी कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर नजर टाका. सत्तरीतले काका एका बोटाने, पण शुद्ध देवनागरीत निमंत्रण लिहितात. माझ्या वयाचे त्याला इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत उत्तर देतात. त्याखालची पिढी अंगठा दाखवते.

आता ळकडे येतो. आपल्या बडोद्याची शेव-उसळ सगळ्यांना ठाऊक आहे. ती खाणाऱ्यांत मराठी किती आणि गुजराती किती, हे कुणी मोजत नाही. पण लारीवरची गुजराती पाटी कधी नीट वाचली आहे का? त्यात 'उसळ'चा ळ शाबूत असतो, कारण गुजरातीलाही ळ आहे. फळ, केळं, दिवाळी, काळा या शब्दांचे गुजराती भाऊ तपासा, ळ जागच्या जागी सापडेल. हीच पाटी हिंदीत किंवा इंग्रजीत लिहिली की तिचं 'उसल' होतं. आजच्या प्रमाण हिंदीच्या नेहमीच्या लेखनात ळ लागत नाही. म्हणून मराठी मुलं फोनवर हिंदीचा कीबोर्ड लावतात आणि समोर ल दिसतो तोच दाबतात. अशा रीतीने 'बाल शालेत गेला' हे वाक्य तयार होतं. त्या मुलाला ळ म्हणता येत नाही असं नाही. ळ त्याच्या बोटाला सापडत नाही, एवढंच.

खरी गोष्ट अशी आहे की ळ कीबोर्डवर पहिल्यापासून आहे. संगणकावर भारतीय भाषा आणण्याचं काम आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालं आणि पुढे १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने ते मोठं केलं. त्याच दशकात केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने 'इनस्क्रिप्ट' नावाची कळरचना ठरवली. तिच्यामागचा विचार मला इंजिनिअर म्हणून फार आवडतो. इंग्रजी कीबोर्डवर क्यू, डब्ल्यू, ई, आर, टी या क्रमाला वर्णमालेचा काही आधार नाही. इनस्क्रिप्टला आहे. डाव्या हाताच्या वरच्या दोन ओळींत स्वर आणि मात्रा, बाकी बहुतेक व्यंजनं उजवीकडे. नुसती कळ दाबली तर मात्रा, शिफ्ट धरून दाबली तर तोच पूर्ण स्वर. नुसती कळ दाबली तर क, शिफ्टसह ख. तसंच ग आणि घ, च आणि छ, त आणि थ, प आणि फ. आपल्या वर्णमालेत शेजारी बसणारे अल्पप्राण आणि महाप्राण इथे एकाच कळीवर राहतात. ल इंग्रजी एनच्या कळीवर आहे आणि ळ त्याच कळीवर, शिफ्ट धरून. घर तेच, मजला वरचा.

आणि बडोदेकरांसाठी यात एक खास बक्षीस आहे. इनस्क्रिप्ट सर्व भारतीय लिप्यांसाठी एकाच तत्त्वावर केलेलं आहे. कीबोर्ड मराठीवरून गुजरातीवर बदला, बोटं तिथेच राहतात. जिथे मराठी क उमटत होता तिथे गुजराती क उमटतो, जिथे ळ होता तिथे गुजराती ळ. म्हणजे एकदा शिकलं की मंडळाचा मराठी अहवाल आणि सोसायटीची गुजराती नोटीस, दोन्ही त्याच हातांनी.

ही जुळणी वरवरची नाही, संगणकाच्या पोटातही तीच आहे. प्रत्येक अक्षराला युनिकोडमध्ये एक क्रमांक असतो. १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली तेव्हा भारतीय लिप्यांची मांडणी भारताच्याच 'इस्की' या प्रमाणकावरून घेतली गेली. त्यामुळे देवनागरी आणि गुजरातीचे तक्ते समांतर आहेत. देवनागरी क चा क्रमांक २३२५, गुजराती क चा २७०९. देवनागरी ळ चा २३५५, गुजराती ळ चा २७३९. दोन्हीकडे फरक ३८४. देवनागरीच्या क्रमांकात ३८४ मिळवले की बहुतेक वेळा थेट गुजराती अक्षर हाती येतं.

बहुतेक वेळा म्हटलं, कारण काही जागा रिकाम्या आहेत. त्यातली एक आपल्या फार जिव्हाळ्याची आहे. देवनागरीत २३५३ क्रमांकावर ऱ आहे. तो तक्त्यात ठेवला तो दक्षिणेच्या भाषांतला कठोर र लिहिण्यासाठी, पण त्याचं अर्धं रूप मराठीच्या कामी आलं. दऱ्या, वाऱ्या, सुऱ्या, कऱ्हाड यांतला तो आडवा पापणीसारखा र. तो नसेल तर दऱ्याखोऱ्यांतल्या 'दऱ्या' आणि समुद्र असलेला 'दर्या' यांत फरक राहत नाही. आचार्यांना दिलेला मान आचाऱ्याला मिळतो. २३५३ मध्ये ३८४ मिळवले की येतो २७३७, आणि गुजरातीच्या तक्त्यात त्या घरात कुणीच राहत नाही. ळ आपण शेजाऱ्यांबरोबर वाटून घेतो. हा अर्धा ऱ मात्र आपला आपल्यालाच सांभाळायचा आहे.

या अर्ध्या ऱमुळे आमच्या घरात काय झालं ते सांगतो.

आमच्या एका चुलत आजोबांनी कित्येक वर्षं पत्रव्यवहार करून घराण्याचा कुलवृत्तांत जमवला होता. नव्वदच्या दशकात तो टाइप करून त्याच्या थोड्या प्रती काढल्या आणि मजकूर एका सीडीवर ठेवला. काही वर्षांपूर्वी मी ती सीडी उघडली तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा. अनेकांच्या घरी असंच होतं. युनिकोड रुळण्याआधीच्या फॉन्टांमध्ये खरी देवनागरी नसायचीच. इंग्रजी अक्षरालाच देवनागरीचा पोशाख चढवलेला असायचा. हिंदीत खूप चाललेल्या कृतिदेव फॉन्टात 'राम' लिहिलं तर संगणकाच्या लेखी ती जे, के आणि ई ही तीन इंग्रजी अक्षरं असतात. फॉन्ट आहे तोवर राम, फॉन्ट गेला की जे-के-ई.

मी एक छोटा प्रोग्रॅम लिहून शक्य तेवढा मजकूर युनिकोडमध्ये आणला. जिथे तो अडला ती पानं आम्ही भावंडांनी वाटून घेऊन छापील प्रतीवरून टाइप केली. एक पुण्यातून, एक बंगळूरहून, मी बडोद्यातून. मग वंशावळ काढायला बसलो. आमचं मूळ गाव कऱ्हाडजवळचं. तिकडे कोण कोण राहिलं ते बघावं म्हणून 'कऱ्हाड' शोधलं, नावं आली, यादी झाली. संध्याकाळी ती आजीला वाचून दाखवली. आजीचं वय चौऱ्याऐंशी, पण नात्यांचा हिशोब आमच्या डेटाबेसपेक्षा चोख. ऐकता ऐकता ती म्हणाली, "अरे, कऱ्हाडच्या आत्या राहिल्या की! तुझ्या पणजोबांची धाकटी बहीण. तिच्याच घरी राहून ह्यांचे काका शिकले."

छापील पुस्तकात आत्यांची नोंद होती. फाइलमध्येही होती. तरी शोधात येत नव्हती. कारण अगदी साधं निघालं. अर्धा ऱ संगणकात दोन प्रकारे लिहिता येतो. एक म्हणजे ऱ हे अक्षर आणि त्याला हलन्त. दुसरी जुनी पद्धत म्हणजे साधा र, हलन्त आणि त्यामागे न दिसणारं एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, पण संगणक त्यांना वेगळे शब्द समजतो. आम्हा भावंडांचे कीबोर्ड वेगवेगळे असल्यामुळे निम्मं 'कऱ्हाड' एका पद्धतीने साठवलेलं होतं आणि निम्मं दुसऱ्या. मी सगळी फाइल एका पद्धतीत आणली. आत्या तर आल्याच, पण त्यांच्यामागून त्यांची मुलं, नातवंडं अशी एक अख्खी फांदी वंशावळीत आली. त्यांतले काही जण आज नाशिकला असतात. आमचं त्यांच्याशी बोलणं सुरू झालं आहे.

मराठीच्या नोकरीला उशिरा रुजू झालेलं आणखी एक अक्षर म्हणजे ॲ. बँक, कॅमेरा यांची चंद्रकोर व्यंजनावर बसते, तिची अडचण नव्हती. पण शब्दाच्या सुरुवातीला ॲ आला की पंचाईत. हिंदीत त्यासाठी ऍ लिहितात, मराठीत अ वर चंद्र देतात. हे मराठी वळणाचं ॲ युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आलं. तोवर 'ॲप' हा शब्द लिहायचा तर जुगाड करावा लागे. मोडी लिपी तर २०१४ मध्ये आली. गायकवाडी दफ्तरातले जुने कागद ज्या लिपीत आहेत, ती संगणकावर मजकूर म्हणून लिहिण्याची सोय होऊन जेमतेम एक दशक झालं आहे. अक्षरं आपोआप संगणकात जात नाहीत. कुणीतरी अर्ज करतं, पुरावे देतं, तेव्हा त्यांना क्रमांक मिळतो. आणि क्रमांक मिळाल्यावर ती वापरायची की नाही, हे आपल्या हातात असतं.

हे फक्त आपलंच रडगाणं नाही. आमच्या टीममध्ये युक्रेनमधल्या ल्विव शहराचा एक सहकारी आहे. एकदा कॉलवर कीबोर्डचा विषय निघाला. त्यांची लिपी दुरून रशियनसारखीच दिसते, पण काही अक्षरं खास त्यांची आहेत. दोन टिंबांचं 'यी' आहे, वरती आकडा असलेला 'ग' आहे. रशियन कीबोर्डवर ही अक्षरं नाहीत. हा 'ग' सोव्हिएत काळात १९३३ च्या लेखनसुधारणेत वर्णमालेतूनच काढून टाकला होता आणि १९९० मध्ये परत घेतला. मधली जवळपास साठ वर्षं मुलं तो अक्षर म्हणून शिकलीच नाहीत. मी त्याला आपल्या ळची आणि हिंदी कीबोर्डची गोष्ट सांगितली. त्याला ती समजायला वेळ लागला नाही. फरक इतकाच की त्यांचं अक्षर हुकूम काढून घालवलं होतं. आपलं कुणी घालवलेलं नाही. शिफ्ट दाबायचा कंटाळा एवढंच आपलं कारण आहे.

कुणी म्हणेल, लिहिलेलं कळलं ना, मग लिपीचा आग्रह कशाला? माझी बहीण टोरांटोला असते. तिचा मुलगा बारा वर्षांचा. तो आजीला, म्हणजे त्याच्या पणजीला, रोज इंग्रजी अक्षरांत मराठी मेसेज करायचा. आजी मराठी शाळेत शिकली, गुजराती सहज वाचते, पण इंग्रजी अक्षरं जुळवून मराठी वाचणं तिला जमत नाही. त्यामुळे मेसेज आला की ती फोन घेऊन माझ्याकडे यायची. मी घरी नसलो तर मेसेज संध्याकाळपर्यंत तसाच. शेजारच्या घरातल्या कुणाला वाच म्हणायचं तिला बरं वाटत नसे. "आपल्या मुलाचं पत्र दुसऱ्याकडून कशाला वाचून घ्यायचं," असं ती म्हणायची.

गेल्या उन्हाळ्यात भाचा महिनाभर इथे होता. त्याला मी फोनवर मराठी कीबोर्ड लावून दिला. पहिले चार दिवस तो वैतागला. "मामा, ळ कुठे आहे?" हे वाक्य आमच्या घरात दिवसातून दहा वेळा ऐकू यायचं. आठवड्यानंतर ते बंद झालं. परत गेल्यावर त्याने पहिला मेसेज लिहिला तो चार ओळींचा, त्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या बऱ्याच चुका. आजीने तो स्वतः वाचला, दोनदा वाचला, आणि मग मला न विचारता त्याला उत्तरही लिहिलं. उत्तरात आधी आशीर्वाद आणि मग शुद्धलेखनाच्या दुरुस्त्या. आता त्यांचं त्यांचं चालतं. त्यांच्यात काय बोलणं होतं ते मला कळत नाही, आणि ते तसंच असायला हवं.

तर मंडळी, करायचं काय, ते थोडक्यात सांगतो.

विंडोज असेल तर सेटिंग्जमध्ये भाषेच्या विभागात जाऊन मराठी जोडा, जमलं तर गुजरातीही. मग विंडोजची कळ आणि स्पेसबार एकदम दाबला की भाषा बदलते. फोनवर कीबोर्डच्या सेटिंगमध्ये भाषा मराठीच निवडा, हिंदीवर काम भागवू नका. फोनवर अक्षरं डोळ्यांसमोर दिसतात, त्यामुळे लहान मुलांनी तिथून सुरुवात केलेली बरी. संगणकावर मात्र इनस्क्रिप्ट शिका. इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवणारी साधनं सोपी वाटतात, पण तुमच्या वतीने न की ण, ल की ळ हे ती ठरवतात, आणि आपण समोर येईल ते स्वीकारत जातो.

पहिल्या दिवशी घरातली माणसं टाइप करा. 'काका' म्हणजे के, ई, के, ई. 'मामा' म्हणजे सी, ई, सी, ई. 'बाबा' म्हणजे वाय, ई, वाय, ई. 'आई' सर्वांत सोपी, शिफ्ट धरून शेजारच्या दोन कळा, ई आणि आर. दुसऱ्या दिवशी गावाची नावं. 'बडोदे'साठी वाय, चौकोनी कंसाची कळ, ए, ओ, एस. तिसऱ्या दिवशी शिफ्ट आणि एनचा ळ घेऊन बाळ, फळ, केळी, उसळ. चौथ्या दिवशी डीच्या कळीवरचा हलन्त आणि जोडाक्षरं. पाचव्या दिवशी शिफ्ट आणि जे धरून ऱ, मग डी, मग यू, आणि 'कऱ्हाड' पूर्ण करा. रोज पंधरा मिनिटं दिली तर दोन आठवड्यांत कीबोर्डकडे न बघता साधं पत्र लिहिता येतं.

एक सूचना मात्र आवर्जून. हे एकट्याने शिकू नका. ऱ्हस्व की दीर्घ, न की ण, हे घरातल्या आजी-आजोबांना विचारण्याइतकं सोपं कुठेच मिळणार नाही, आणि भाषा बदलायची कळ कोणती हे त्यांना नातवंडांइतकं चांगलं कुणी सांगणार नाही. दोघांनी एकाच लॅपटॉपसमोर बसावं. आजींनी शब्द सांगावेत, नातवंडांनी टाइप करावेत, आणि निम्म्यावर जागा बदलावी. सुरुवात कशाने करावी असा प्रश्न पडला तर घराण्यातल्या माणसांची नावं लिहायला घ्या. आजी सांगत असतानाच ती लिहून झालेली बरी.